फक्त देवाले सांगन

उपकारमावशीच्या घरी गरम भात खाल्लेला माणूस कोणी असेल तर त्यानं हात वर करावा. आमच्या हेटीत, त्या लहानशा वस्तीत, तरी असा कोणी नव्हता. ताट वाढलं रे वाढलं, की मावशी डोळे मिटायची आणि देवाचे उपकार मानायला लागायची. बाकीची ख्रिस्ती माणसं दोन वाक्यांत आभार मानून घास उचलतात. मावशीचं तसं नव्हतं. धान कोणाच्या बांधीतलं, रोवण्याला कोण कोण बाया वाकल्या होत्या, तांदूळ कोणी कांडला, लाखोरीची डाळ कोणी पाठवली, सरपण कोणत्या पोरीनं आणलं, सगळ्यांची नावं देवासमोर निघायची. मग त्या सरपणवाल्या पोरीचा खोकला बरा झाला, त्याबद्दल वेगळे उपकार. तोवर डाळीवर साय धरायची. आम्ही पोरं एक डोळा उघडा ठेवून त्या सायीकडे बघत बसायचो. एकदा माझ्या वडिलांनी कंटाळून मध्येच मोठ्यानं ‘आमेन’ ठोकून दिलं. मावशीनं डोळे उघडले नाहीत. “अना या मानसाच्या घाईबद्दलही, प्रभू, तुहे उपकार,” असं म्हणून ती पुढे चालू राहिली.

मी तिच्यावर रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाला वाटायला नको की म्हातारपणी सगळ्यांबद्दल गोड गोड लिहायची हुक्की आली. तिनं मला अक्षर शिकवलं, तिनं मला तापातून काढलं, तिच्या कोंबडीचं पहिलं अंडं दर वेळी माझ्या ताटात पडलं. हे सगळं खरं. आणि तिनं माझ्या आईचं जे केलं, तेही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

नवेगाव बांधच्या बाजूला, मोठ्या तलावापासून जरा आत, जंगलाच्या कडेला आमची हेटी होती. मिशननं दिलेल्या जागेवर वसलेली चार घरं, एक कौलारू प्रार्थनामंदिर, एक विहीर आणि शाळेची एक खोली. मावशीचं नाव एस्तेर, पण पाळकसाहेब सोडले तर ते कोणी घेत नसे. ती आमची बायबलबाई. खांद्याला पिशवी, काखेत चित्रांची गुंडाळी, अशी ती गावोगाव फिरायची. अंगणात चित्र टांगून बायांना येशूच्या गोष्टी सांगायची, आणि त्या बदल्यात गावभरच्या गोष्टी ऐकून यायची. पायात काटा मोडला तर उपकार, कारण डोळ्यात मोडला नाही. पांदणीत जळू चिकटली तर उपकार, कारण एकच चिकटली. एकदा जंगलातून येताना वाटेत वाघाची ताजी पावलं दिसली. घरी येऊन आईला सांगते कशी, “पाय देसले, वाघ नाई देसला. अजून किती उपकार पायजे तुले?”

“मनात म्हटले तरी देवाला ऐकू जातात ना आभार?” असं मी तिला एकदा विचारलं होतं. शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, तेव्हा अंगात जरा शहाणपणा भिनला होता. मावशी हसली. “आभार पोटात ठेवला तं आंबते, बाई. भात आंबते तसा. निंगू द्यावं बाहेर.”

पोटात तिच्या काहीच राहत नसे, हीच तर सगळी गंमत होती. दर रविवारी उपासना संपताना आमच्याकडे उपकारस्तुतीचा रिवाज होता. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आठवड्यातल्या एखाद्या कृपेबद्दल देवाचे आभार मानायचे. मावशी शेवटी उठायची आणि मंडळीचा श्वास अडकायचा. आज कोणाचा नंबर लागतो! माझ्या वडिलांची मूळव्याध बरी झाली, हे साऱ्या मंडळीला असंच कळलं. पाळकीणबाईंनी भांडी आपटणं सोडलं, तेही असंच. शाळेचे मोठे मास्तर मोहाची पितात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते कळलं कधी, तर त्यांनी ती सोडली त्या रविवारी. मास्तरांचे कान लालबुंद झाले होते. बाहेर आल्यावर ते मावशीला म्हणाले, “बाई, देवाला आधीच माहीत होतं ना?” मावशी म्हणाली, “त्याले मालूम होतं, पन खुशी कोन सांगन त्याले?” आम्ही हसून हसून बेजार झालो. तेव्हा हसलो. तिच्या जिभेनं कोणाचं घर बसेल असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझी आई आणि मावशी ह्या सख्ख्या बहिणी नव्हत्या. राणीच्या राज्यातल्या त्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या पेजेच्या छपरीत टाकलेल्या, नाहीतर हरवलेल्या, ह्या दोन पोरी. दूरच्या अनाथगृहात एका घोंगडीत वाढल्या, एका दिवशी बाप्तिस्मा झाला, लग्नं होऊन एकाच हेटीत आल्या. मावशीचा नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. पुढे माझे वडील गेले, तेव्हा मावशीनं आमच्या भिंतीला लागून स्वतःची खोली बांधली आणि मधल्या भिंतीला एक भोक पाडलं. त्यातून निखारे, मीठ, चटणी, शिव्या, सगळं इकडून तिकडे जायचं. आई बोलायला अगदी थोडकी. मंडळीत ती जन्मात कधी उभी राहिली नाही. “मार्थेच्या वाटचं मीच बोलतो,” असं मावशी म्हणायची, आणि आईही ते चालवून घ्यायची.

आईला आपल्या पहिल्या घरातलं फार काही आठवत नसे. एक तलाव, आणि गणपत नावाचा धाकटा भाऊ. बस्स. तर झालं असं, की एका हिवाळ्यात आई आठवडी बाजारात गूळ घ्यायला गेली. गुळाच्या भेलीशी एक डोकं पिकलेला शेतकरी बसला होता. आईनं भाव विचारला, आणि त्या माणसाच्या हातातला तराजू खाली आला. “बाई, तुमी कोन्या गावच्या?” आई म्हणाली, मिशनच्या. “त्याच्या आंधी?” आई म्हणाली, “त्याच्या आंधी एक तलाव होता अना एक भाऊ होता.” तो माणूस तिथंच मान गुडघ्यात घालून बसला. नंतर म्हणाला, “माही माय बोलली असं वाटलं. तुमचा आवाज तिचा आहे.” तो गणपतमामा. तलावाच्या पलीकडलं गाव, स्वतःची शेती, ऊस, गुऱ्हाळ. त्यानंच आईला ते सांगितलं, जे तिला कधी समजलं नव्हतं. दोघांना उचलून चालायची बापाच्या अंगात ताकद उरली नव्हती. त्यानं मुलाला उचललं आणि मुलीला पेजेच्या छपरीत ठेवलं.

आमच्या आईला मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. दर बाजाराला ती तांदळाची भाकर आणि चटणी बांधून न्यायची. बाजाराच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली दोघं बसायची, आणि मामा तिच्या हातचं खायचा. आज हे वाचणाऱ्याला त्यात काय विशेष, असं वाटेल. तेव्हा ते फार होतं. ख्रिस्ती बाईच्या हातची भाकर खाल्ली हे जातीत कळलं, तर मामा वाळीत पडला असता. त्यातून त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं. “एवढं लगन होऊ दे, सोनके,” मामा आईला तिच्या जुन्या नावानं म्हणायचा, “मंग मी पंचायले माह्या तोंडानं सांगन, का ही माही बहीन. काय दंड घेतीन तो घेतीन.” त्याचा शब्द होता तो. आई त्या शब्दावर जगत होती.

मावशीला सांगितल्याशिवाय आईला पाणी गिळलं नसतं. सांगताना मी तिथंच होते. मावशी रडली, हसली, आईच्या तोंडावरून हात फिरवून फिरवून बोटं मोडली. मी म्हटलं, “मावशी, हे बाहेर जायचं नाही. शपथ घे.” ती म्हणाली, “शपथ घेऊ नोको म्हून प्रभूनं सांगतलं आहे. पन कोनाले सांगत नाई म्हनली तं नाई सांगत. फक्त देवाले सांगन.” आई समाधानानं हसली. मीही हसले. काय चुकलं ते आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही, बाप्पा!

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे नाताळाइतकाच तो मोठा. धान घरात आलं की प्रत्येक घर पहिली पेंढी मंदिरात आणायचं. वेदीभोवती धानाच्या पेंढ्या, कोहळे, वांगी, शिंगाड्यांच्या टोपल्या, आणि बाकांखाली पाय बांधलेल्या कोंबड्या. उपदेश चालू असताना त्यांचं आपलं वेगळंच चालायचं. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव व्हायचा, आणि मिशनच्या मळ्यातल्या भाजीसाठी आजूबाजूच्या गावांतली हिंदू माणसंही यायची. चपला काढून ओसरीवर बसायची, आमची गाणी ऐकायची, लिलावाची वाट बघायची. भली माणसं होती. त्या वर्षी त्यांत एक जण पलीकडल्या गावचा होता. एक मोठा कोहळा त्यानं आधीच हेरून ठेवला होता.

लिलावाच्या आधी वर्षाची उपकारस्तुती. सगळ्यांची झाली आणि मावशी उठली. डोळे मिटले, हात जोडले. तिच्या तोंडावर असं काही होतं, की मला आत्ताही तो चेहरा आठवला तर आवडतो. “प्रभू, यंदा तू मले काय नाई देल्लं! पन सगळ्यात मोठं तू माह्या मार्थेले देल्लं. दुष्काळात हरपलेला तिचा गनपत तू गुळाच्या बाजारात आनून उभा केला. त्यानं जात नाई पाह्यली, प्रभू, धरम नाई पाह्यला. मोहाखाली बसून बहिनीच्या हातची भाकर खाल्ली...” आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिचे डोळे मिटलेलेच होते. मावशी थांबेना. तलावाचं नाव आलं, ऊस आला, गुऱ्हाळ आलं, आणि मुलीच्या ठरलेल्या लग्नाबद्दलही देवाचे उपकार झाले. मंडळी ‘आमेन’ म्हणाली. ओसरीवर कोणी काही म्हणालं नाही.

मावशीनं डोळे उघडले आणि आईकडे बघून हसली. सगळ्यात जास्त मला ते हसणं झोंबलं. तिला काही कळलंच नव्हतं! आई उठून निघून गेली, आणि मी मावशीला मंदिराच्या दाराशी गाठलं.

“काय केलंस हे मावशी?”

“काय केलं? उपकार मानले.”

“कोणाला सांगणार नाही म्हणाली होतीस.”

“मी कुठं कोनाले सांगतलं? मी देवाशी बोलून राहिली होती. माहे डोळे मिटले होते, पोरी.”

मी तिला खांद्याला धरून वळवलं आणि ओसरी दाखवली. तो कोहळेवाला कोहळा न घेताच निघून गेला होता. मावशीनं ओसरी पाहिली, आणि तेव्हा कुठं तिला उमगलं. डोळे मिटले की तिच्यासाठी खोलीत देव आणि ती, एवढेच असायचे. बाकीचे सगळे नाहीसे व्हायचे. मी तिची बाजू घेत नाही, जे होतं ते सांगते.

पुढच्या बाजाराला गुळाशी मामा नव्हता, त्याच्या गावचा दुसराच कोणी बसला होता. पंच बसणार आहेत, निकाल लागेस्तोवर मुलीचं लग्न थांबलं आहे, असं त्यानं आईकडे न बघता सांगितलं. आई घरी आली आणि भिंतीच्या भोकात तिनं पोत्याचा बोळा कोंबला. मावशीला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मावशीला सोसलं असतं. दोन दिवस मावशीच्या घरी चूल पेटली नाही. नंतरच्या दिवशी सकाळी ती चित्रांची गुंडाळी न घेता, फक्त आमचं शास्त्र, बायबल, काखेत मारून कुठंतरी गेली आणि दिवेलागणीला परत आली. दारातच उभी राहिली. आई तांदूळ निवडत होती.

“मार्था,” मावशी म्हणाली, “मी तुले मारून आली.”

मावशी एका दमात सांगत सुटली. ती मामाच्या गावी, पंचांसमोर गेली होती. तिनं सांगितलं, की गणपतची बहीण अनाथगृहातच मेली, मी माझ्या हातानं तिचे डोळे मिटले. बाजार, भाकर, मोहाचं झाड, सगळं मी रचलं. आम्हा बायबलबायांना असे चमत्कार सांगावे लागतात, त्याशिवाय साहेब खुश होत नाहीत. त्या भल्या माणसानं, तुमच्यासारखंच, कोणत्याच ख्रिस्ती बाईच्या हातचा घास कधी पाहिलेला नाही. पंचांनी तिला शास्त्रावर हात ठेवायला सांगितलं, आणि तिनं ठेवला. पंचांचं समाधान झालं. फक्त एवढंच म्हणाले, की बहीण मेली हे आता कळलं, तर तिचं राहिलेलं क्रियाकर्म भावानं करावं आणि जातीला जेवण घालावं. मग लग्नाला कोणाची हरकत नाही.

आईनं एकच विचारलं. “अना गनपत? तो काय म्हनला?”

“काई नाई म्हनला. खाली पाहत होता.”

आईनं सूप खाली ठेवलं. “दुष्काळात बापानं खाली ठेवलं मले,” ती म्हणाली. “आता यानं.” मग तिनं मान वर केली. तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “पन तू त्याले बोलू तरी द्याचं होतं, एस्तेर! ‘हो, माही बहीन आहे’ असं म्हनला असता तं? नसता म्हनला, तं नसता. मी समजली असती. त्याचं तोंड उघडाच्या आंधी तू माही तिरडी बांधली. माह्या भावाले कोनं इचारलं? मले कोनं इचारलं?”

माझा राग आहे तो इथं. जीभ सुटली, समजू शकते. जन्मभर सुटतच होती. पण ती दुसरी गोष्ट जीभ सुटून झालेली नव्हती. ती विचार करून, कोसाकोसाची वाट चालून केलेली होती. मामा कदाचित खरंच उभा राहिला असता. त्यानं शब्द दिला होता. कदाचित नसताच राहिला, आणि मुलीसाठी खाली मान घालूनच बसला असता. आम्हाला ते कधीच कळलं नाही, आणि आईला ते कळायचा हक्क होता. मावशीनं आधी खरं बोलून भाऊ घालवला, मग खोटं बोलून त्याची आशा घालवली. लोक म्हणतील, मुलीचं लग्न तर वाचलं. वाचलं ना! त्या मुलीचं चांगलं झालं याचा मला आनंदच आहे. पण माझी आई विहिरीवर पाणी शेंदत होती, आणि पलीकडे तलावाच्या पारीवर, बांधावर, मामा तिच्या नावानं डोकं भादरून पिंड देत होता. हे कोणत्या उपकारात बसवायचं?

त्यानंतर मावशी मंडळीत कधी उभी राहिली नाही. रविवारी येऊन मागच्या बाकावर बसायची, उपकारस्तुती सुरू झाली की मान खाली. ताटावरही दोन ओठ हलायचे आणि घास उचलायची. आता तिच्या घरी भात गरम मिळायला लागला, पण जेवायला जाणार कोण? मग प्रभुभोजनाचा रविवार आला, आणि सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे गेले, तेव्हा ती जागची हलली नाही. पुढल्या वेळीही नाही. पाळकसाहेबांनी बोलावून विचारलं, कोणतं पाप आहे ते सांग, पश्चात्ताप कर, मोकळी हो. ती म्हणाली, “सांगता येत नाई.” त्यांनी वाट बघितली, समजावलं, शेवटी बायबलबाईचं काम काढून घेतलं. ज्या बाईला प्रभूच्या मेजाशी येता येत नाही, ती गावात त्याच्याबद्दल काय सांगणार? त्यांचंही चुकलं नाही. मावशी मजुरणींबरोबर रोवण्याला आणि निंदणाला जायला लागली. हेटीतली पोरं आता ‘उपकारमावशी’ म्हणायची ती चिडवायला.

एकदा बांधीच्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, ती एकटीच शिदोरी सोडून बसलेली दिसली. मी शाळेतून येत होते. खरं तर मी तिच्याशी कामापुरतंच बोलायची, पण राहवलं नाही. “सांगून का टाकत नाहीस पाळकसाहेबांना?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मास्तरीन असून तुले एवढं मालूम नाई? पस्तावा म्हनजे खरं सांगा लागते. खरं सांगतलं अना एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात गेलं, तं गनपतच्या पोरीले सासरचे हाकलून देतीन. अना खोटं घेऊन मेजाशी बसनं मले जमत नाई. मंग मी आपली दूर बसतो.” मी फटकन बोलले, “एवढी अक्कल त्या सणाच्या दिवशी कुठं गेली होती?” तिनं भाताचा गोळा केला, पण खाल्ला नाही. “तेच तं मी देवाले इचारून राहिली,” ती म्हणाली.

आई आणि ती भिंतीला भिंत लावून राहत होत्या, बोलत नव्हत्या. पोत्याचा बोळा मात्र काही दिवसांनी निघाला. कोणी काढला ते मला माहीत नाही. त्यातून पुन्हा निखारे जायचे, मीठ यायचं, शब्द मात्र जात नसत. मला आईचाही राग यायचा. एवढं झाल्यावर निखारे कशाला द्यायचे? मी विचारलं तर म्हणायची, “तिची चूल इझली होती.”

स्वराज्य यायच्या आदल्या हिवाळ्यात मावशी अंथरुणाला खिळली. आईनं आपली गोधडी उचलली आणि तिच्या खोलीत जाऊन राहिली. काय बोलल्या, बोलल्या का, मला ठाऊक नाही. मी गेले की दोघी गप्प असायच्या, आणि आई तिच्या पायांना तेल लावत असायची. शेवटी नवे पाळक आले, भाकर आणि प्याला घेऊन. तरुण होते, मनानं चांगले, नियमाला पक्के. त्यांनी हळू आवाजात तेच विचारलं, जे आधीच्यांनी विचारलं होतं. मावशीनं मान हलवली. दारात उभ्या असलेल्या आईनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं अंथरुणातून हात वर केला, ‘नोको’. आईनं ओठ मिटले. पाळकांनी डोळे पुसले आणि भाकर तशीच परत नेली. दुसऱ्या दिवशी मावशी गेली.

मातीला हेटीतले सगळे आले. आमच्याकडे माती लोटून झाल्यावर कोणीतरी मेलेल्याच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानतं. पाळकांनी विचारलं, कोण मानणार? कोणी पुढे होईना. इतकी वर्षं मेजापासून दूर राहिलेल्या बाईबद्दल काय बोलावं, ते कोणाला सुचत नव्हतं. मला सुचत होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात माझी आई पुढे झाली. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेली माझी आई. तिनं डोळे मिटले नाहीत, उघड्या डोळ्यांनी समोरच्या मातीकडे बघत बोलली.

“देवा, ही माही बहीन. हिनं माहं काय घालवलं ते तुले ठाऊक आहे, मी इथं सांगत नाई. ते मी इसरली नाई. तूही इसरू नोको. पन आता हिले तुह्या मेजाशी बसव. लय वर्साची उपाशी आहे ती.”

सगळे ‘आमेन’ म्हणाले. पाळकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी म्हणाले नाही. ओठ उघडत होते, पण पारीवरचं ते मामाचं भादरलेलं डोकं डोळ्यांपुढून हलेना. आईच्या ते लक्षात आलं. ती रागावली नाही. परतताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “तुले वेळ लागन.”

मामा गेला, त्याची मुलगी म्हातारी होऊन सुखानं गेली, आईलाही जाऊन खूप वर्षं झाली. आता हे सांगितल्यानं कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून सांगितलं. मावशीची मला रोज आठवण येते. रोज रडू येतं, आणि रोज तिला विचारावंसं वाटतं, की बाई गं, आम्हाला एकदा विचारलं का नाहीस? ते ‘आमेन’ माझं अजून म्हणायचं राहिलं आहे.